तिकीट पाकिटावरच राहू द्या

मित्रहो, स्मारक तिकिटं जमवायला लागलेले पुष्कळजण पहिलं काम करतात ते पाकिटावरचं तिकीट पाण्यात भिजवून सोडवण्याचं. तिथेच निम्मा इतिहास हातचा जातो. तिकिटावर चित्र कोणाचं हे सुट्या तिकिटावरूनही कळतं. पण ते कुठून कुठे गेलं, कोणत्या तारखेला, किती दरानं, हे कळायला पाकीट आणि शिक्काच लागतो.

स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट 21 नोव्हेंबर 1947 चं. त्यावर तिरंगा, 'जय हिंद' आणि किंमत साडेतीन आणे. 15 डिसेंबरला आणखी दोन आली : अशोकस्तंभाच्या सिंहांचं दीड आण्याचं आणि विमानाचं बारा आण्याचं. आता या किमती नीट पाहा. दीड आणा हा देशातल्या साध्या पत्राचा दर होता, साडेतीन आणे परदेशी पत्राचा. म्हणजे तिरंगा सर्वांत आधी निघाला तो जगाच्या पत्त्यांवर. ही निवड विचारपूर्वक केलेली असावी असं मला वाटतं. परदेशी पत्ता असलेलं, डिसेंबरच्या शिक्क्याचं पाकीट हातात घेतलं की हे लगेच ध्यानात येतं.

गांधीजींचे चार नमुने 15 ऑगस्ट 1948 ला आले : दीड, साडेतीन, बारा आणे आणि दहा रुपये. त्यावर 'बापू' हा शब्द देवनागरीत आणि उर्दूत आहे. तयारी त्यांच्या हयातीतच सुरू झाली होती. 30 जानेवारीनंतर तीच तिकिटं श्रद्धांजलीची झाली. छपाई स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्यात झाली. नाशिकचा इंडिया सिक्युरिटी प्रेस तेव्हा दोन दशकांहून जुना होता, पण फोटोग्राव्ह्यूर, म्हणजे कोरलेल्या बारीक खळग्यांत शाई भरून चित्र छापण्याची पद्धत, तिथे नंतर आली.

दहा रुपयांच्या या तिकिटाच्या बनावट प्रती बाजारात भरपूर आहेत. दहापट भिंग घ्या. फोटोग्राव्ह्यूरमध्ये छटांच्या भागात एकसारख्या बारीक चौकोनांची जाळी दिसते. ऑफसेटच्या, म्हणजे नेहमीच्या सपाट छपाईच्या, नकलेत लहानमोठे ठिपके दिसतात. मग कडेची छिद्रं मोजा : 2 सेंटिमीटरमध्ये साडेअकरा यायला हवीत. एवढं जुळलं तरी तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय मोठी रक्कम मोजू नका.

फोटोग्राव्ह्यूरनं छापलेला नाशिकचा पहिला संच 1952 चा, संत आणि कवींचा : कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर. फाळणीला पाच वर्षं झाली असताना त्या सहांत गालिब आहेत, ही मोठी गोष्ट आहे. आपल्या मराठी संतांपैकी मात्र त्यात एकही नाही, आणि याची खंत वाटतेच.

सांभाळण्याबद्दल थोडंसं. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत कोऱ्या तिकिटांचा गोंद ओला होऊन ती एकमेकांना चिकटतात. ओढून सोडवलीत तर एकाचा कागद दुसऱ्यावर जातो. अल्बम पुस्तकासारखा उभा ठेवा, आडवी चळत रचू नका, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पीव्हीसीची पाकिटं टाळा, त्यातला मऊपणा आणणारा द्रव कालांतरानं तिकिटावर उतरतो. तिकीट बोटांनी नव्हे, चपट्या टोकाच्या चिमट्यानंच उचला. अगदी सर्वसाधारण तिकिटं सोडवायचीच असतील तर कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं पुरतात. रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळ्या भांड्यात घाला, नाहीतर त्यांचा रंग बाकीच्यांना लागतो.

पाकीट का जपायचं, याचा माझ्या मते सर्वांत बोलका दाखला 1971 चा आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी 15 नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं झालं. वेगळं तिकीट तयार होईपर्यंत कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर 'रिफ्यूजी रिलीफ' असं छापून काम भागवलं. तेही अपुरं पडलं, तेव्हा ठिकठिकाणी साध्या रबरी शिक्क्यानं ती अक्षरं उमटवली. स्वतंत्र तिकीट 1 डिसेंबरला आलं. दोनच दिवसांत युद्ध सुरू झालं.

हे रबरी शिक्के नकली करणं फार सोपं. म्हणून दर तपासा : साध्या पत्राला 20 पैसे, अधिक हे पाच, असे 25 पैसे पाकिटावर भरायला हवेत. मग भिंगाखाली शाई पाहा. मुळात अक्षरं आधी उमटली आणि टपालाचा शिक्का नंतर पडला, त्यामुळे शिक्क्याची शाई अक्षरांच्या वर असते. अक्षरंच शिक्क्याच्या वर चढलेली दिसली, तर ते तिकीट विक्रेत्याला परत करा.