राखणीला ठेवलेलं कुत्रं, नोंद कुणाकडं?

[कोल्हापूर. रंकाळा तलाव, सकाळ. तांबट कमानीजवळचा रस्ता.]

कोल्हापुरातल्या मोठ्या, ताकदीच्या पाळीव कुत्र्यांची नोंद कुणाकडं असते, हे विचारणारी ही फिल्म. हा रॉटवायलर. चार वर्षांचा नर. रंकाळ्यावर रोज चालायला येणाऱ्यांना तो ओळखीचा झालाय, तरीसुद्धा समोरून येणारा माणूस एक पाऊल बाजूला होतोच. मालकांकडं बघा. ‘काही करत नाही ओ, या खुशाल’ असं ते कुणालाही म्हणत नाहीत. पट्टा आखडून घेतात, कुत्र्याला कठड्याकडेला धरतात, समोरचा पुढं गेला की मग चालायला लागतात.

त्याच्या तोंडाला जाळीचं मुसकं आहे. ह्या मुसक्यात कुत्र्याला तोंड उघडता येतं, धापा टाकता येतात, पाणीसुद्धा पिता येतं. चावता येत नाही. बाजारात नायलॉनची एक घट्ट पट्टी मिळते, तिनं जबडाच बंद होतो. कुत्रं अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढतं. एप्रिलच्या उन्हात ती पट्टी बांधून त्याला फिरवणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ.

[कसबा बावडा. घरामागचं अंगण.]

हे मुसकं त्यानं अंगावर कसं येऊ दिलं, ते इथं दिसेल. ही वेगळी कुत्री आहे, तिचं शिकवणं नुकतंच सुरू झालंय. प्रशिक्षकानं मुसक्याच्या आतल्या टोकाला म्हशीच्या दुधाची साय लावलीय. मुसकं तो हातात धरून बसलाय, तिच्या तोंडाकडं नेत नाही. ती येते, हुंगते, मागं सरते. परत येते. नाक आत घालते, साय चाटते, बाहेर काढते. बक्कल लावायची घाई नाही. पहिले काही दिवस एवढंच. मग नाक आत असताना पट्टा नुसता मानेवरून फिरवायचा. मग क्षणभर लावायचा आणि सोडायचा. जबरदस्तीनं बांधलेलं मुसकं कुत्रं पंजानं ओरबाडून काढतं आणि दुसऱ्या दिवशी ते दिसलं की गुरगुरतं. इथं ती मुसकं दिसताच शेपटी हलवत येतेय. हा भाग आम्ही लांब ठेवलाय, कारण कोल्हापुरात असं मोठं कुत्रं पाळणाऱ्या प्रत्येक घरानं तो बघावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

आणि हा केवळ मालकाच्या भलेपणाचा विषय नाही. 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात, ज्याला पूर्वी मुंबई पोलीस अधिनियम म्हणत, हिंस्र कुत्रं मुसक्याशिवाय रस्त्यावर मोकळं सोडायला मनाई आहे. कुत्रं कुणाच्या अंगावर सोडायलाही.

[जुनी छायाचित्रं. संस्थानकाळ.]

ह्या शहराला धोकादायक जनावर नवं नाही. संस्थानकाळात कोल्हापुरात पाळीव चित्ते होते. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचे आणि काळवीट दिसलं की टोपी काढून सोडायचे. ह्या फोटोत चित्त्याशेजारी दोरी धरून बसलेला माणूस बघा. तो चित्तेवान. जनावर त्याच्या हाताखाली असायचं आणि काही वेडंवाकडं झालं तर विचारायचं कुणाला, हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

आज तेच विचारायची वेळ आली तर?

[नागाळा पार्क, ताराबाई पार्क, राजारामपुरी. फाटकं.]

‘कुत्र्यापासून सावध राहा.’ ही पाटी बघाल तिथं आहे. आम्ही फाटकापाशी थांबून मालकांना एकच गोष्ट मागितली, नोंदीचा कागद. बहुतेक घरांतून बाहेर आलं ते लसीकरणाचं पुस्तक. मन लावून जपलेलं, प्रत्येक लसीचं लेबल चिकटवलेलं, डॉक्टरांची सही असलेलं. पण हे पुस्तक डॉक्टर आणि मालक यांच्यातलं. गल्लीत कुठल्या घरात किती ताकदीचं कुत्रं आहे हे त्यातून महापालिकेला कळत नाही, शेजाऱ्याला तर नाहीच.

कोल्हापूर महापालिका 1972 ची. ती ज्या 1949 च्या महापालिका अधिनियमावर चालते त्यात कुत्र्यांवर कर लावायची मुभा आहे. म्हणजे पाळलेलं कुत्रं वहीत आलं पाहिजे हा विचार कायद्यात फार जुना आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव जनावराचं लसीकरण आणि नसबंदी मालकाच्या माथी ठेवलीय. 2017 च्या नियमांप्रमाणं पैदास करणाऱ्यानं राज्य पशुकल्याण मंडळाकडं नोंदणी करायची असते, आणि 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तुकडे सगळे आहेत. ते एका टेबलावर येत नाहीत.

[दवाखाना. टेबलावर पिटबुल जातीचं पिल्लू.]

आता हे नीट बघा. डॉक्टरांच्या हातातली सुई नेहमीपेक्षा जाड आहे. तिच्यात तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी आहे, ती मायक्रोचिप. दोन्ही खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरायची आणि सुई आत. पिल्लू कुंईं करतं आणि लगेच मालकाचा हात चाटायला लागतं. चिपमध्ये बॅटरी नसते. त्यामुळं कुत्रं कुठं आहे हे ती सांगू शकत नाही; ती सांगते, हा गैरसमज पुष्कळांचा आहे. यंत्र जवळ आणलं की त्याच्या लहरींवरच ती जागी होते आणि फक्त एक 15 आकडी क्रमांक देते. ऐका, टुक्. आला. हा क्रमांक जन्मभर तोच. पट्टा निघतो, बिल्ला पडतो, फोटोतलं पिल्लू सहा महिन्यांत ओळखू येत नाही. हा आकडा राहतो.

डॉक्टर तो तीन ठिकाणी लिहितायत: लसीच्या पुस्तकात, स्वतःच्या वहीत आणि मालकाच्या ओळखपत्राच्या प्रतीवर. चौथी जागा महापालिकेची. ती रिकामी राहू नये एवढ्यासाठी ही सगळी फिल्म आहे.

जातीचं काय, हा प्रश्न इथंच येतो, कारण टेबलावर पिटबुल आहे. 12 मार्च 2024 ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं राज्यांना पत्र पाठवलं. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, डोगो अर्जेंटिनो, तोसा इनू, अशा 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवा. घरात आधीपासून आहेत त्यांची नसबंदी करा. यादीत ‘टेरिअर’ असा एक सरसकट शब्दही होता, म्हणजे मांडीवर बसणारी चिमुकली कुत्रीही त्यात ओढली जाणार. आणि कोल्हापुरातल्या कितीतरी फाटकांमागं जे असतात ते डॉबरमन आणि जर्मन शेफर्ड यादीत नव्हतेच. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं हे पत्र रद्द केलं, त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानंही. संबंधितांचं म्हणणं न ऐकता असा निर्णय घेता येत नाही, हे कारण. मे महिन्यात केंद्रानं लोकांच्या हरकती मागवल्या. त्याआधी, 2022 मध्ये, गाझियाबाद महापालिकेनं तीन जातींवर आपल्या हद्दीपुरती बंदी घातली होती.

बंदीची मागणी करणाऱ्यांचा राग आम्हाला समजतो. पण नुसत्या जातीच्या यादीनं काम भागणार नाही असं आमचं मत आहे. संकर झालेल्या पिल्लाची जात नुसत्या नजरेनं कोण ठरवणार? यादी आली की माणसं कुत्रं लपवतात. लपवलेल्या कुत्र्याला लस मिळत नाही, फिरणं मिळत नाही, माणसांची सवय तर होतच नाही. पिल्लाला माणसांची, मुलांची, गाड्यांच्या आवाजाची ओळख साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात व्हावी लागते. तो काळ पिंजऱ्यात गेला तर पुढं साय लावूनही फार काही होत नाही.

[पाचगाव रस्ता. प्लॉटवर बांधलेलं कुत्रं.]

इथं आवाज कमी केलेला नाही. साखळी जेवढी पोचते तेवढ्या गोलात गवत उगवत नाही. प्लॉटच्या राखणीला ठेवलंय, दिवसातून एकदा कुणीतरी भाकरी टाकून जातं. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर मालक गुन्हेगार ठरतो. पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये.

आणि ही जागा महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. हद्दवाढीचा वाद कोल्हापूरला नवा नाही; पाणी, रस्ते, घरफाळा यावर तो कायम गाजत असतो. कुत्र्याचा विषय त्यात कुणी काढत नाही. पण उचगाव, पाचगाव, कळंबा, उजळाईवाडी इकडं नवे बंगले आणि मोकळे प्लॉट आहेत, म्हणजे राखणीची कुत्रीही तिकडंच आहेत. महापालिकेची वही तिथं चालत नाही. संध्याकाळी तेच कुत्रं गाडीत बसून शहरात फिरायला येतं.

चावा झालाच तर: जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवायची, हळद-चुना लावायचा नाही, थेट सीपीआर, म्हणजे इथलं सरकारी रुग्णालय, गाठायचं, आणि रेबीजच्या लसीचे सगळे डोस पुरे करायचे. कुत्रं आवरण्यातल्या मालकाच्या हयगयीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

[पिल्लांची विक्री. झाकलेल्या चेहऱ्यांसह.]

व्यवहार इथं होतो. मोबाईलवर फोटो, गाडीच्या डिकीत पेटी, रोख पैसे. पिल्लू एका हातातून दुसऱ्या हातात गेलं, कागद एकही नाही. सहा महिन्यांनी ते आवरेनासं झालं की कुणाच्या तरी शेतावर जातं, तिथून आणखी कुठं. पाचगावच्या साखळीतलं कुत्रं असंच तीन घरं फिरून आलंय. पहिल्या मालकाला त्याचं नाव आठवतं, तिसऱ्याला त्याचं वयही माहीत नाही.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. मोठ्या, ताकदीच्या कुत्र्याची नोंद पिल्लू घरात आल्याबरोबर व्हावी, चिपच्या क्रमांकासह. नूतनीकरण दरवर्षी रेबीजच्या लसीबरोबरच व्हावं, म्हणजे दोन खेटे पडणार नाहीत. कुत्रं दुसऱ्याला दिलं तर देणारा आणि घेणारा दोघांच्या सह्या हव्यात, आणि दुसरी सही होईपर्यंत जबाबदारी पहिल्याचीच. भोवतालच्या ग्रामपंचायतींनी हीच वही ठेवावी, त्याच रकान्यांची.

ज्यांच्याकडं असं कुत्रं आज आहे त्यांनी नियमाची वाट बघत बसायची गरज नाही. चिप बसवून घ्या. बसवली असेल तर तिच्या नोंदीत कुठला फोन नंबर आहे तो एकदा तपासा. मालकांनी सिम बदलल्यामुळं बंद पडलेले नंबर ह्या दवाखान्यात रोज निघतात. डॉक्टर तिथंच, पाच मिनिटांत, नवा नंबर घालून देतात.