दुसरा प्रोसेसर जागा होतो तेव्हा

सर्व्हरच्या मदरबोर्डावर प्रोसेसर दोन असले, तरी मशीन सुरू करताना कामाला लागतो तो एकच. दुसऱ्याला उठवण्याची जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टिमची असते आणि त्यासाठी बोर्डाची रचना तिला आधी कळावी लागते.

१९९५ साली प्रोग्रामर ॲलन कॉक्स यांनी लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी हे काम केले ते कॅल्डेरा कंपनीने देणगी म्हणून दिलेल्या, असूसच्या दोन पेंटियम प्रोसेसरांच्या बोर्डावर. थॉमस राडके यांचे सुरुवातीचे काम त्यांच्या हाताशी होते. इंटेलने मल्टिप्रोसेसर स्पेसिफिकेशन, म्हणजे अनेक प्रोसेसरांच्या बोर्डांसाठीचे नियम, खुलेपणाने प्रसिद्ध केले होते, म्हणूनच बाहेरच्या प्रोग्रामरला हे शक्य झाले. त्यानुसार कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मेमरीच्या ठरावीक भागांत आणि बायॉसच्या (बोर्डावरील सुरुवातीच्या प्रोग्रामच्या) ६४ किलोबाइटांत १६ बाइटांची एक नोंद शोधतो. तिच्यावरून मिळणाऱ्या तक्त्यात प्रोसेसर किती आहेत आणि कोणत्या स्लॉटचा इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी दिलेला इशारा) आयओ-एपिकच्या, म्हणजे हे इशारे प्रोसेसरांकडे पोचवणाऱ्या चिपच्या, कोणत्या पिनला जोडला आहे, हे लिहिलेले असते. हा तक्ता बोर्ड बनवणाऱ्याने चुकीचा भरला, तर नेटवर्क कार्ड इंटरप्ट देत राहते, कर्नल भलत्याच पिनवर त्याची वाट पाहतो आणि धडधाकट कार्ड बंद पडल्यासारखे दिसते. बूट करताना ‘नोएपिक’ हा, आयओ-एपिक वापरू नको असे सांगणारा, पर्याय देण्याची पाळी अनेकांवर आली, ती अशाच बोर्डांमुळे.

९ जून १९९६ रोजी आलेल्या लिनक्स २.० मध्ये ही सोय सर्वांना मिळाली, मात्र एका मोठ्या कुलपामुळे एका वेळी एकच प्रोसेसर कर्नलमध्ये शिरू शकत असे. ते एकमेव मोठे कुलूप टप्प्याटप्प्याने सैल होत २०११ साली, २.६.३९ या आवृत्तीत, पूर्णपणे निघाले.

प्रोसेसर जागे झाले, तरी चिपसेटचे, म्हणजे प्रोसेसरला बाकी बोर्डाशी जोडणाऱ्या चिपांचे, इतर भाग उरतातच. पेंटियम ३ च्या काळातील अनेक सर्व्हर बोर्डांवर सर्व्हरवर्क्सचे चिपसेट असत आणि त्यांतील ओएसबी४ या चिपचा डिस्क कंट्रोलर अल्ट्रा डीएमए या, डिस्क आणि मेमरी यांच्यात थेट माहिती नेणाऱ्या जलद पद्धतीत कधीकधी अशा स्थितीत अडकत असे, की पुढचे लेखन डिस्कवरील माहिती बिघडवू शकले असते. लिनक्सच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे हा कंट्रोलर चालवणाऱ्या कोडमध्ये, ही स्थिती ओळखणारी तपासणी आहे. ती ओळखताच ड्रायव्हर इशारा छापतो आणि मशीनला मुद्दाम न संपणाऱ्या लूपमध्ये अडकवून ठेवतो. नेहमीप्रमाणे पॅनिक (गंभीर चूक आढळल्यावर कर्नलने काम थांबवणे) का करत नाही, याचे कारण कोडमधील शेजारच्या टिपेत दिले आहे: पॅनिक होताना कर्नल मेमरीतील माहिती डिस्कवर लिहू पाहील आणि त्या लेखनानेच डिस्क बिघडेल. चालता सर्व्हर थिजवणे हा कठोर उपाय आहे, पण इतरांच्या माहितीची एवढी काळजी घेणारा कोड वाचताना त्याच्या लेखकाविषयी आदर वाटतो.

नंतरच्या ड्रायव्हरने ती वेळच येऊ दिली नाही. ओएसबी४ वरील हार्ड डिस्कना तो अल्ट्रा डीएमए वापरूच देत नाही. सेकंदाला ३३ मेगाबाइटांऐवजी सुमारे १६ मेगाबाइटांवर भागवावे लागते, पण लिहिलेली माहिती शाबूत राहते.