आधी हमाल, मग पायलट

(दृश्य: पहाट. लाकडी धक्का. शांत पाणी. पाण्यावर बांधून ठेवलेलं एक लहान विमान.)

जुलै महिना. पहाटेचे पाच वाजलेत, पण सूर्य केव्हाच कासराभर वर आलाय. उन्हाळ्यात इथे दिवस जवळजवळ वीस तासांचा.

विमानाखालच्या फ्लोटवर एक मुलगा उकिडवा बसलाय. फ्लोट म्हणजे चाकांच्या जागी लावलेल्या दोन लांबट, पोकळ होड्या. प्रत्येकीच्या पोटात बंद कप्पे, आणि कप्प्याच्या तोंडाशी बुचासारखा दाबून बसवलेला रबरी चेंडू. मुलगा चेंडू उपटतो, हातपंप आत सरकवतो आणि उपसायला लागतो. एक, दोन, तीन, चार. पंप फुरफुरला की कप्पा कोरडा. चेंडू परत जागेवर, मग पुढचा कप्पा.

तो मनातल्या मनात मोजतोय. ज्या कप्प्यातून रोज पाच पंप पाणी निघतं, तिथून आज चौदा निघाले, तर काल कुठे तरी तळ दगडाला घासलाय किंवा पत्रा जोडणारी रिबीट ढिली झालीय. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, आणि तेवढ्या किलोचं भाडं कोणी देत नाही.

या मुलाच्या खिशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना आहे. विमान मात्र अजून दुसराच कोणी तरी उडवतो.

(दृश्य: आकाशातून दिसणारी तळी. तळी, तळी आणि तळीच.)

हे यलोनाइफ. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाची राजधानी, ग्रेट स्लेव्ह लेक नावाच्या अफाट तळ्याच्या काठी वसलेली. ही भूमी मुळात डेने लोकांची, शहर त्यांच्या मानाने कालपरवाचं. या प्रदेशात आपले चार महाराष्ट्र बसतील आणि तरी जागा उरेल. माणसं मात्र सगळी मिळून पंचेचाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. त्यातलीही निम्मी या एकाच शहरात.

शेजारच्या नुनावुतची तऱ्हा आणखी वेगळी. इन्युइट लोकांच्या या प्रदेशात 25 वस्त्या आहेत, आणि एका वस्तीतून दुसरीत जाणारा रस्ताच नाही. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की जहाज येतं, बाकी सगळं विमानाने. दूध विमानाने, डॉक्टर विमानाने. बाळंतीण व्हायची बाई दिवस भरायच्या कितीतरी आधी विमानात बसून मोठ्या गावात जाते आणि बाळ कुशीत घेऊन विमानानेच परत येते.

आपल्याकडे ‘गाव तिथे एसटी’ म्हणतात. इथे गाव तिथे विमान. आणि जिथे गावही नाही, नुसता भूगर्भशास्त्रज्ञांचा तंबू आहे किंवा कोणाची तरी मासेमारीची झोपडी आहे, तिथे जाणारा तो बुश पायलट. त्याला धावपट्टी लागत नाही. उन्हाळ्यात तळं, हिवाळ्यात तेच तळं गोठलेलं, आणि मधूनमधून हिमनद्यांनी मागे सोडलेले वाळू-खडीचे लांबच लांब बांध.

(दृश्य: विमानाचा जवळून फेरफटका. दार, पंखा, रंग उडालेलं पोट.)

आता या विमानाकडे बघा. डी हॅविलँड कॅनडा कंपनीचं बीव्हर. पहिलं उड्डाण 16 ऑगस्ट 1947, आपल्या स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच दिवशीचं. 1967 मध्ये उत्पादन थांबलं, तोवर 1,600 हून जास्त विमानं बनली होती. त्यातली कितीतरी आजही रोजच्या कामाला जुंपलेली आहेत.

कारण साधं आहे. ते कसं हवं, हे कंपनीने चालवणाऱ्यांनाच विचारलं. विचारणारा होता पंच डिकिन्स, स्वतः 1920 च्या दशकात उत्तरेच्या ओसाड मुलखावरून उडालेला वैमानिक. त्याने बुश पायलटांकडून त्यांच्या मागण्या मागवल्या. दार एवढं रुंद हवं, की इंधनाचं पिंप लोळवत आत नेता यावं. पेट्रोल भरायला कडाक्याच्या थंडीत पंखावर चढायला लागू नये, म्हणून टाक्या पोटात आणि भरायची तोंडं बाजूला, हाताच्या अंतरावर. ऑइल ओतायचं तोंड तर थेट कॉकपिटमध्ये! उडता उडता इंजिनात ऑइल घाला. वेगाचा प्रश्न निघाला तेव्हा म्हणे एकाने सांगितलं, कुत्र्यांच्या गाडीपेक्षा जोरात गेलं म्हणजे झालं.

सगळी रचना ओझ्याभोवती आहे. या धंद्याचा देवच वजनकाटा. फ्लोट लावलेल्या बीव्हरचं एकूण वजन जास्तीत जास्त 5,090 पौंड. त्यातून विमानाचं स्वतःचं वजन वजा केलं, की पायलट, पेट्रोल, माणसं आणि सामान मिळून साधारण आठशे किलो उरतात. 205 लिटरचं भरलेलं एक पिंप दीडशे किलोच्या वर जातं. होडी आत मावत नाही, मग ती फ्लोटच्या दांड्यांना बाहेरून बांधायची. बांधताना दोराची गाठ कोणी मारली, हे पायलट विचारतोच. बहुतेक वेळा ती त्याने स्वतःच मारलेली असते.

(दृश्य: धक्क्यावर पिंपं लोळवणारे तरुण.)

कॅनडात व्यावसायिक परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं. आपल्याकडेही तेवढंच. पण 200 तासांच्या पोराला गिऱ्हाइकांसकट विमान कोण देणार? म्हणून उत्तरेत त्याला आधी धक्क्यावर उभं करतात. पिंपं लोळव, फ्लोट उपस, विमान पुस, येणारं विमान पंखाचा दांडा धरून धक्क्याला लाव, गिऱ्हाइकाच्या बॅगा काट्यावर ठेव. एक उन्हाळा, कधी दोन. मग कधी तरी शेजारची सीट, आणि त्यानंतर पायलटची.

ऐकायला हे पिळवणुकीसारखं वाटतं. काही ठिकाणी ती असतेही, उगाच गोड कशाला बोला? पण त्या दोन उन्हाळ्यांत पोराच्या हाताला जे कळतं ते पुस्तकात नाही. कोणतं विमान शेपटीकडे जड झालंय हे त्याला पाण्यातल्या फ्लोटच्या बुडलेल्या टाचेवरून कळतं. दूरच्या तळ्याकाठी ठेवलेल्या पिंपातलं पेट्रोल मऊ चामड्यातून गाळून घ्यायचं असतं, कारण चामडं पेट्रोल सोडतं आणि पाणी अडवतं. तिथे त्या चामड्यावर उरलेला पाण्याचा टपोरा थेंब बघून तो गप्प होतो. तो थेंब इंजिनात गेला असता.

(दृश्य: आरशासारखं तळं. विमानाची सावलीही दिसत नाही.)

आता अवघड जागा कोणती, ते सांगतो. वादळ, धुकं ही उत्तरं सगळ्यांना सुचतात. जुने पायलट मात्र एका सुंदर दृश्याला घाबरतात. वारा पूर्ण पडलेला, तळ्यावर एक सुरकुती नाही, आकाश जसंच्या तसं पाण्यात उतरलेलं. फोटो काढावा असं तळं!

त्यावर उतरायचं म्हटलं, तर पाणी कुठे सुरू होतं तेच डोळ्यांना दिसत नाही. पन्नास फुटांवर आहोत की पाच, सांगता येत नाही. डोळ्यांवर विसंबला तो एक तर वरच्या वर विमान थांबवून आपटतो किंवा नाक खाली ठेवून थेट पाण्यात शिरतो. म्हणून अशा वेळी डोळे बाजूला ठेवायचे. काठ धरून उडायचं, म्हणजे झाडांवरून उंचीचा निदान अंदाज राहतो. नाक किंचित वर, इंजिन थोडं चालू, आणि मिनिटाला साधारण दीडशे फूट या बेताने खाली यायचं. बस्स. मग काही करायचं नाही. वाट बघायची. हात शिवशिवतात, पण हलवायचे नाहीत. तळं लांबच लांब सरकत राहतं, आणि कधी तरी खालून फस्स असा आवाज येतो. पाणी लागलं.

(दृश्य: हिवाळा. तंबूत झाकलेलं इंजिन. ज्योतीचा पिवळट उजेड.)

डिसेंबरमध्ये हाच दिवस पाच तासांचा होतो. फ्लोट जातात, स्की येतात, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या लांब पट्ट्या. उणे पस्तीस तापमानात इंजिनातलं ऑइल काकवीसारखं घट्ट होतं. म्हणून जुन्या पद्धतीत मुक्कामाला उतरल्या उतरल्या ते गरम असतानाच डब्यात काढून घ्यायचं आणि झोपडीत न्यायचं. सकाळी आधी ऑइलचा डबा शेगडीवर, मग चहाचं आधण. तोवर बाहेर इंजिनावर जाड कापडाचा तंबू, आत पेटता स्टोव्ह, आणि त्या तंबूत शिरून स्टोव्हवर डोळा ठेवणारा पायलट. तिथून हलायचं नाही. तंबू पेटून आख्खी विमानं जळाली आहेत. शहरात आता विजेचे हीटर आहेत. दूरच्या तळ्यावर मात्र आपण नेलं असेल तेवढंच आपलं.

स्कीखाली रात्री लाकडाचे ओंडके सारायचे, नाहीतर त्या बर्फाला चिकटून बसतात. उतरताना भीती वेगळीच. बर्फाच्या थरावर हिमाचा भार पडला की थर दबतो, फटींतून पाणी वर येतं आणि भुसभुशीत हिमाच्या दुलईखाली न गोठता लपून राहतं. वरून सगळं पांढरंशुभ्र. पण उतरून थांबलात की स्की त्या चिखलात रुततात, आणि गोठल्या की विमान तिथेच. म्हणून अनुभवी पायलट आधी थांबत नाही. स्की नुसत्या टेकवतो, थोडं अंतर ओढत नेतो आणि परत वर उडतो. एक गिरकी घेऊन आपल्याच स्कीच्या रेघांकडे बघतो. रेघा पांढऱ्या राहिल्या तर उतरायचं. काळवंडायला लागल्या तर खाली पाणी आहे. दुसरं तळं शोधायचं.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

या पेशाच्या कथा बहुतेक मदतीच्या आहेत. जानेवारी 1929 मध्ये अल्बर्टा प्रांताच्या उत्तर भागात घटसर्प पसरला, तेव्हा वॉप मे आणि व्हिक हॉर्नर हे दोघे वैमानिक उघड्या कॉकपिटच्या विमानातून एडमंटनहून फोर्ट व्हर्मिलियनला त्यावरचं औषध घेऊन गेले. औषध गोठू नये म्हणून विमानात कोळशाची शेगडी. देशभर नाव झालं.

मला मात्र दुसरी गोष्ट जास्त जवळची वाटते. तिच्यात नुसतं थांबणं आहे.

2 फेब्रुवारी 1967. बॉब गॉशी नावाचा पायलट बीव्हर घेऊन आजच्या नुनावुतमधल्या केंब्रिज बे या वस्तीहून यलोनाइफकडे निघाला. आठशे किलोमीटरहून जास्त अंतर. मुंबईहून नागपूर गाठावं आणि वाटेत एकही गाव लागू नये, असं. चुंबकीय ध्रुव तेव्हा त्याच मुलखातल्या बेटांमध्ये, त्यामुळे होकायंत्राची सुई भरवशाची नाही. हवा बिघडली, वाट चुकली, पेट्रोल संपत आलं. त्याने एका गोठलेल्या तळ्यावर विमान सुखरूप उतरवलं. आणि मग कोणी आलंच नाही.

विमानात मासे होते, पोचवायला घेतलेले, दगडासारखे गोठलेले. ते तो कच्चेच खात राहिला. पायाची बोटं काळी पडली. शोध घेणारे थकले, शोध थांबला. तो तिथेच, विमानाच्या पोटात, गाठीला असतील तेवढ्या पांघरुणांत. एक आठवडा. एक महिना. 1 एप्रिलला वरून जाणाऱ्या विमानातल्या एकाला खाली उन्हात काहीतरी चकाकताना दिसलं. अठ्ठावन्न दिवस झाले होते. पायाची काही बोटं गेली, माणूस जगला.

विमान सोडून चालत सुटायचा मोह त्याला किती वेळा झाला असेल? विमान बर्फावर दिसतं, माणूस दिसत नाही. इथे नव्या पोरांना अजूनही हेच सांगतात: विमानापाशी थांब.

(दृश्य: आधुनिक कॉकपिट. उपग्रह नकाशा.)

आता उपग्रह आहेत. 10 सप्टेंबर 1982 रोजी, कॅनडातच, ब्रिटिश कोलंबियात पडलेल्या छोट्या विमानातल्या तिघांचा ठावठिकाणा उपग्रहाने लावला. अशी पहिलीच सुटका ती, आणि तो उपग्रह सोव्हिएत होता, शीतयुद्ध जोरात असताना. उपग्रहांनी शोध घेणाऱ्या त्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेत आज भारतही आहे.

उत्तरेशी आपलं आणखीही नातं आहे, नकळत जडलेलं. 1991 मध्ये यलोनाइफच्या ईशान्येला हिरे सापडले आणि तळ्यांवर विमानांची रीघ लागली. पुढे खाणी झाल्या, आणि जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरतेत, व्यापार होतो मुंबईत. मालदीवला फिरायला गेलेल्यांनी तर बुश विमानात बसूनही घेतलंय. तिथली पाण्यावर उतरणारी ट्विन ऑटर 1965 साली पहिल्यांदा उडाली, याच कॅनडियन कारखान्याची. बाहेर नारळ असले म्हणून काय झालं!

(दृश्य: ऑक्टोबर. राखाडी आभाळ. तळ्याच्या काठाने बर्फाची पातळ साय.)

वर्षातून दोनदा इथे सगळं थांबतं. वसंतात बर्फ फुटतं तेव्हा, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते धरायला लागतं तेव्हा. फ्लोटला पाणी हवं, स्कीला घट्ट बर्फ. मधल्या आठवड्यांत तळं दोघांच्याही कामाचं नसतं. फोन वाजत राहतो. कोणाचं सामान अडकलंय, कोणाला घरी जायचंय. पलीकडचा माणूस गयावया करतो, चिडतो, जास्त पैसे देऊ म्हणतो. इकडून एकच उत्तर: अजून धरलं नाही.

धक्क्यावरचा तो मुलगा आता टोपी-हातमोज्यांत आहे. विमान पाण्याबाहेर काढलंय. फ्लोट उतरवून उलटे ठेवलेत, आणि उन्हाळाभर रोज चौदा पंप पाणी देणाऱ्या कप्प्याच्या तळाशी तो बोट फिरवतोय. एका रिबीटीपाशी बोट थांबतं. खिशातून खडू काढून तो तिच्याभोवती गोल करतो आणि आत मेकॅनिकला हाक मारायला जातो.