एक मिलिमीटर

(दृश्य: टेबलावर आडवं ठेवलेलं रिकर्व्ह धनुष्य (टोकं पुढे वळलेलं), दोरी चढवलेली. बाजूला ॲलन की, दोऱ्याचं रीळ, कापसाचा बोळा.)

धनुष्य स्वतः क्वचितच मोडतं. मोडतं ते त्याच्यावर बसवलेलं बारीकसारीक सामान. बाण ज्यावर टेकतो ती तारेची रेस्ट, बाण पुरेसा ओढला की टक् वाजणारी क्लिकरची पातळ पट्टी, नेम धरायच्या साईटचा स्क्रू, दोरीवरचे दोऱ्याचे वेढे. बाण सुटल्यावर धनुष्यात जो हादरा उरतो, तो यांच्याच वाट्याला येतो. एका सरावात शंभर-दोनशे वेळा.

नेम धरताना डोळ्यापासून साईट साधारण ९० सेंटिमीटरवर असते आणि लक्ष्य ७० मीटरवर. साईटची पिन इकडे एक मिलिमीटर सरकली, की तिकडे बाण जवळपास ८ सेंटिमीटर सरकतो. दहा गुणांचं वर्तुळ मध्यापासून कडेपर्यंत फक्त ६.१ सेंटिमीटर. म्हणून सुट्टा भाग जोडण्यापेक्षा तो पूर्वीच्याच जागी परत बसवणं हे खरं कसबाचं काम.

(दृश्य: टी आकाराची मोजपट्टी दोरीला अडकवलेली. वहीत आकडे लिहिणारा हात.)

त्यासाठी स्क्रू सोडवण्याआधी वही उघडायची. ही बो स्क्वेअर. दोरीपासून धनुष्याचं अंतर आणि नॉकिंग पॉइंटची, म्हणजे दोरीवर बाण अडकवायच्या जागेची उंची, दोन्ही मापं हिच्यावर मिळतात. बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची दांडी, म्हणजे प्लंजर, किती बाहेर आलेला आहे, क्लिकर कुठल्या खुणेवर आहे, तेही टिपायचं. मोबाइलवर फोटो जरूर काढावा, पण फोटोत मिलिमीटर मोजता येत नाहीत.

रेस्ट बहुधा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने लावलेली असते. तिची तार वाकली तर सरळ करून भागवावंसं वाटतं. मला विचाराल तर तसं करू नये, वाकलेली तार पुन्हा तिथेच वाकते. जुना चिकटा खरवडून काढायचा, जागा स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यायची आणि मगच नवी रेस्ट दाबून बसवायची. बाणाचा मध्य प्लंजरच्या टोकासमोर आला पाहिजे. वरून पाहिलं तर तारेचं टोक बाणाच्या पलीकडे डोकावता कामा नये, नाहीतर बाणाची पिसं त्याला घासून जातात.

(दृश्य: दोरीचा मधला भाग, अगदी जवळून. सुटलेलं दोऱ्याचं टोक.)

आता ज्या कामाला सगळ्यात जास्त वेळ लागतो ते. दोरीच्या मध्यावर हे जे वेढे दिसतात, त्याला सर्व्हिंग म्हणतात. बोटांवर घालायचा टॅब आणि बाणाची नॉक (मागच्या टोकाची खाच) यांचं सगळं घासणं ते सोसतात. एक टोक सुटलं, की पुढचं उलगडत जातं. भोवऱ्याला जाळी गुंडाळावी तसे नवे वेढे एकाला एक खेटून, एकसारख्या ताणाने घालायचे. सुरुवातीचं टोक पहिल्या वेढ्यांखालीच दाबून टाकायचं. शेवटी मोठा फास ठेवून आतल्या बाजूने काही वेढे उलटे घ्यायचे, फास गुंडाळत न्यायचा आणि उरलेला दोरा ओढून घ्यायचा. गाठ कुठेच दिसत नाही.

दोऱ्याची जाडी मात्र तपासायलाच हवी. दोरीला बाण लटकवून दोरीवर बोटाने हलकी टिचकी मारा. टिचकीसरशी बाण सुटून पडला तर नॉक बरोबर बसते आहे. घट्ट असेल तर बाण दोरी नीट सोडत नाही. सैल असेल तर ओढतानाच निसटू शकतो, आणि रिकामी दोरी सुटली की बाणाने न्यायची सगळी ताकद धनुष्याच्या दोन्ही लिंबांमध्ये, म्हणजे वाकणाऱ्या बाहूंमध्ये, परतते. लिंब त्याने फुटू शकतात.

कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याची दोरी बदलायची तर ते दाबून धरणारा बो प्रेस लागतो. तो नसेल तर चाकांना हात लावू नये. दोरीवर बाणामागे बांधायचा छोटा फास, म्हणजे डी-लूप, मात्र आपला आपण बांधता येतो. दोन्ही टोकं वितळवून त्यांचे मणी झाले, की गाठ निसटत नाही.

(दृश्य: कानाजवळ धरून हलकेच वाकवलेला कार्बनचा बाण.)

पीस निघालं तर नवं चिकटवता येतं, नॉक फुटली तर बदलता येते. पण दांडा वाकवल्यावर बारीकसा जरी कडकडला, तरी त्याला कुठलाच गोंद चालत नाही. असा बाण सुटताना फुटला तर त्याचे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. कडकडणारा बाण दोन तुकडे करूनच टाकायचा, म्हणजे चुकून कुणी उचलणार नाही.

वैयक्तिक सामन्यात आळीपाळीने बाण सोडताना प्रत्येक बाणाला २० सेकंद मिळतात. तेवढ्यात सर्व्हिंग गुंडाळून होत नाही. म्हणून जाणते तिरंदाज सरावात वापरून ताणून घेतलेली दुसरी दोरी पेटीत ठेवतात. तिचंही माप वहीत असतं.

(दृश्य: पाच मीटरवरचं लक्ष्य.)

दुरुस्तीनंतरचा पहिला बाण इतक्या जवळून. दोरी हनुवटीला टेकते. बाणाचं टोक क्लिकरखालून तसू तसू मागे सरकतं.

(आवाज: टक्.)