टागोरांचं मृत्युपत्र

(दृश्य: उत्तर कोलकाता. पाथुरियाघाटाची गल्ली, जुने खांब, बंद खिडक्या.)

बाप मुलावर चिडला की आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं. ‘माझ्या इस्टेटीतला छदामसुद्धा मिळणार नाही तुला.’ बहुतेक घरांत दिवाळीपर्यंत ते विसरलंही जातं. या गल्लीतल्या प्रसन्नकुमार टागोरांनी मात्र ते कागदावर उतरवलं.

रवींद्रनाथांचं घर जोडासांकोचं. ही त्याच कुळाची दुसरी शाखा. प्रसन्नकुमार मोठे जमीनदार आणि कलकत्त्यातले नामांकित सरकारी वकील. त्यांचा एकुलता मुलगा ज्ञानेंद्रमोहन १८५१ मध्ये ख्रिस्ती झाला. पुढे १८६२ मध्ये तो इंग्लंडमध्ये बॅरिस्टर झाला, भारतीयांतला पहिला. त्याच वर्षी वडिलांनी मृत्युपत्र केलं. मुलाला वगळलं आणि इस्टेट विश्वस्तांच्या हाती सोपवली.

विश्वस्तांनी काय करायचं तेही लिहून ठेवलं. उत्पन्न आधी पुतण्या यतींद्रमोहनला, तो हयात असेपर्यंत. मग त्याच्या थोरल्या मुलाला, मग नातवाला, असं पुरुषांच्याच वंशात पिढ्यान्‌पिढ्या. गंमत अशी की यतींद्रमोहनला तेव्हा मुलगाच नव्हता. इस्टेट निघाली होती अजून न जन्मलेल्या माणसांच्या नावे.

१८६८ मध्ये प्रसन्नकुमार गेले आणि बॅरिस्टर मुलाने दावा लावला. भांडण लंडनला, प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत पोहोचलं.

(दृश्य: जुन्या निकालाची पिवळी पानं.)

१८७२ चा तो निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. वारसाहक्काची स्वतःची नवी वाट कुणालाही पाडता येणार नाही, असं न्यायाधीश म्हणाले. शिवाय जे कायदा थेट करू देत नाही, ते ट्रस्टच्या आडूनही करता येणार नाही. यतींद्रमोहनला हयातभर उत्पन्न मिळालं. त्याच्यानंतरची वंशावळ रद्द झाली, आणि पुढचा हक्क गेला मुलाकडेच.

पण ज्ञानेंद्रमोहन १८९० मध्ये वारले. यतींद्रमोहन जगले १९०८ पर्यंत. ज्याने खटला जिंकला, त्याच्या हयातीत पाळी आलीच नाही.

(दृश्य: पुणे. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरची रांग.)

आपल्याकडे ट्रस्ट म्हटलं की देवस्थान, शाळा आणि धर्मादाय आयुक्तांकडच्या चकरा डोळ्यांसमोर येतात. तो सार्वजनिक न्यास, त्याला १९५० चा कायदा. घरच्या माणसांसाठी केलेला खासगी ट्रस्ट वेगळा. तो १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखाली येतो आणि त्याची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे होत नाही. जमीन किंवा घर त्यात घालायचं, तर एक तर नोंदणीकृत दस्त हवा, नाहीतर मृत्युपत्र.

त्यातली कल्पना साधी आहे. मालकी एकाच्या नावावर, उपभोग दुसऱ्याचा. देणारा तो न्यासकर्ता, सांभाळणारा विश्वस्त, आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो लाभार्थी.

मग साधं मृत्युपत्र का पुरत नाही? खरं तर बहुतेकांना पुरतं. एक फ्लॅट, थोड्या ठेवी आणि एकमेकांशी बोलणारी भावंडं असतील, तर ट्रस्टचा खर्च कशाला? कर वाचेल म्हणून कुणी गळ घातली, तर आठवावं की आपल्याकडचा मृत्युकर १९८५ मध्येच गेला. उलट कुणाला किती द्यायचं हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडलं, तर ट्रस्टच्या उत्पन्नावर साधारणपणे सर्वांत वरच्या दराने आयकर लागतो. राहतं घर मुलाला थेट बक्षीस दिलं, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. ट्रस्टला दिलं तर ती मिळेल असं धरून चालू नये.

पण एखाद्या घरात गतिमंद मुलगा असतो. वय तिशीचं, हिशोब कळत नाही, सही येत नाही. ‘आमच्यामागे याचं कसं?’ हा त्या आईबापांचा रोजचा प्रश्न. मृत्युपत्राने घर त्याच्या नावावर होईल, पण ते सांभाळणार कोण? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याची स्थानिक समिती अशा सज्ञान मुलाला पालक नेमून देते. पैशाची शिस्त मात्र ट्रस्टने लावता येते. औषधं, सांभाळणाऱ्या बाईंचा पगार, घराची दुरुस्ती, सगळं विश्वस्तांनी त्यातून भागवायचं.

म्हणून खरा कस विश्वस्त निवडण्यात लागतो. वकील मसुदा चांगला करून देतील, माणूस आपणच शोधायचा. हे ओझं कुणावर लादता येत नाही. एकदा पत्करलं की मनाला येईल तेव्हा टाकताही येत नाही. दस्तात तसं लिहिलेलं नसेल, तर मेहनताना मागता येत नाही. ट्रस्टचं घर विकायची वेळ आली, तर ते स्वतः विकत घेता येत नाही. आपल्या वयाचा मित्र नेमला, तर तोही आपल्याबरोबरच म्हातारा होणार. तेव्हा एक तरुण भाची किंवा पुतण्या हवा, आणि त्याच्यानंतर कोण, हेही लिहिलेलं हवं.

(दृश्य: पुन्हा कोलकाता.)

न जन्मलेल्या माणसाला मालमत्ता देता येत नाही, ही टागोरांना नडलेली अडचण कायद्याने पुढे थोडी सैल केली. १९१६ पासून हिंदूंना न जन्मलेल्या नातवंडांसाठीही मालमत्ता ठेवता येते. पण त्यालाही मर्यादा आहे. आज हयात असलेल्यांचं आयुष्य आणि त्यानंतरच्या वारसाचं सज्ञान होणं, त्यापलीकडे मालमत्ता अडकवून ठेवता येत नाही. धर्मादायाला मात्र ही मर्यादा लागू नाही.

प्रसन्नकुमारांनी कलकत्ता विद्यापीठालाही देणगी ठेवली होती, कायद्याच्या व्याख्यानांसाठी. पहिली व्याख्यानं झाली १८७० मध्ये, त्यांच्या घरचा खटला अजून चालू असताना. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले बिजनकुमार मुखर्जी याच व्यासपीठावर बोलले. त्यांचा विषय होता, हिंदूंचे धार्मिक आणि धर्मादाय न्यास.