खाऱ्यातलं गोडं पाणी

मालवणच्या जेट्टीवर होडीत बसताना लाईफ जॅकेट हातात येतं, मिठाने कडक झालेलं, बक्कल लागता लागत नाही आणि ते लावेपर्यंत होडी निघालेलीपण असते. समोर सिंधुदुर्ग. दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, पण गंमत बघा, पार जवळ गेलो तरी दरवाजा काही दिसत नाही, नुसता तट. बुरुजांच्या आडोशाला असा लपवलाय की शत्रूच्या गलबताला नेमकं कुठून घुसायचं तेच कळू नये.

25 नोव्हेंबर 1664 ला महाराजांनी या कुरटे बेटावर काम सुरू केलं. मुहूर्ताची पूजा मात्र अलीकडे किनाऱ्यावर झाली, मोरयाचा धोंडा म्हणतात त्या खडकापाशी, त्यावर गणपती, चंद्र-सूर्य कोरलेत. टुरिस्ट तिकडे फारसे फिरकत नाहीत, तुम्ही जा.

किल्ल्यात शिरलं की सगळे शिवराजेश्वराच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्याच देवळात, राजाराम महाराजांनी बांधलेलं, मूर्ती बिनदाढीची. मग चुन्यातला, महाराजांचाच म्हणतात तो, हाताचा ठसा, पायाचा ठसा, सेल्फी, की परत होडी, कारण होडीवाले तासाभराचाच टाइम देतात.

माझं ऐकाल तर त्यातली दहा मिनिटं विहिरींना द्या. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध हे गोडं! लहान बेटांवर पावसाचं पाणी मुरतं, ते खाऱ्यापेक्षा हलकं असल्याने त्याच्यावर तरंगून राहतं. ह्या विहिरी नसत्या तर एवढा तट बांधून करायचं काय होतं? किल्ल्यावर आजही माणसं राहतात. काठावर वाकून बघितलं तर पाण्यात आपलाच चेहरा आणि, सांगायला लाज वाटते, कोणीतरी टाकलेली बाटली.

तारकर्लीचं स्कुबा वगैरे तुम्हाला माहीतच आहे, ते करा. आम्हाला देवबाग जास्त आवडलं. चिंचोळी पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि पुढे संगमावर दोघांची गाठ, भरतीला समुद्रच नदीत घुसतो. पहाटे रापण ओढताना दिसली तर थांबा, दोरीला दोन्हीकडून माणसं लागलेली असतात, जाळं किनाऱ्याला लागेपर्यंत कोणाला बोलायला फुरसत नसते. पावसाळ्यात मात्र होड्या बंद, किल्ला लांबूनच बघायचा.

परतीला कुडाळच्या वाटेवर धामापूर लागतं. 1530 सालचा तलाव, काठाला भगवतीचं देऊळ, भोवती गर्द झाडी. गाडीतून उतरून पाण्यापाशी बसलो, तर ओठांवर अजून सकाळचं मीठ होतं.