अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट

नमस्कार मंडळी, आज एका बस रूटबद्दल बोलायचंय. मुंबईत पहिली बस धावली १५ जुलै १९२६ ला, म्हणजे ऐन पावसाळ्यात, आणि ती धावली अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. बस्स, एवढंच. अंधेरी नाही, बोरिवली नाही, तेव्हा तिकडे कोण जात होतं म्हणा.

आता हा रस्ता बघा. एका टोकाला कुलाब्याचं चर्च, पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या आठवणीत बांधलेलं, आजूबाजूला सगळा लष्कराचा भाग. दुसऱ्या टोकाला भाजी, फळं, मटण, पोपट, सगळं मिळणारा बाजार, ज्याचं आता कागदोपत्री नाव महात्मा जोतिबा फुले मंडई आहे पण टॅक्सीवाल्याला सांगताना कोणी ते सांगत नाही. मधे कॉजवे, फोर्ट, बोरीबंदर. म्हणजे साहेबाचं घर, साहेबाचं ऑफिस आणि मग साहेबाच्या स्वयंपाक्याचा बाजार. हा रूट कोणासाठी काढला असेल ते वेगळं सांगायला नकोच.

पण खरी गंमत अशी की या रस्त्यावर बस काही पहिली नव्हती. ९ मे १८७४ ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि तिची एक लाईन कुलाब्याहूनच निघायची, क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला. एक नाहीतर दोन घोडे जुंपलेले, आणि कंपनीच्या तबेल्यात म्हणे नऊशे घोडे होते, आता नऊशे घोड्यांचं दाणा-पाणी, नाल, औषधं, शेण, आणि रोज सकाळी कुठला लंगडतोय ते बघायचं, विचार करा म्हणजे कळेल की डेपो मॅनेजरचं डोकं तेव्हाही फिरलेलंच असणार. भाडं तीन आणे, आणि तिकीट? तिकीट नव्हतंच! पैसे दिले की बसा. लोक फुकट जायला लागले तसं मग तिकीट आलं, आणि तोवर भाडंही तीन आण्यांवरून दोन आण्यांवर आलं होतं. १९०७ ला विजेची ट्राम आली आणि घोडे सुटले.

आता १९२६ ला या. तोवर ट्राम इतकी स्वस्त झाली होती की ससून डॉकपासून पार दादरपर्यंत दीड आणा. दीड! आणि तेवढ्याच प्रवासाला बसचं भाडं चार आणे. म्हणजे आज जी बस आपण "परवडते म्हणून" पकडतो ती तेव्हा बऱ्यापैकी पैसेवाल्यांची गाडी होती, कामगार, हमाल, कारकून सगळे ट्राममधेच. तरीपण लोकांनी बस उचलून धरली, गाड्या होत्या फक्त २४, पण वर्षअखेरपर्यंत सहा लाख लोक बसून गेले, आणि पुढच्या वर्षी अडतीस लाख. साडेपाच महिन्यांत सहा लाख, चोवीस गाड्यांवर, ते पण चार आण्यांच्या जमान्यात, मला तर हे आजही भारी वाटतं.

पुढचं भराभर सांगतो. १९३४ ला बस शहराच्या उत्तरेकडे सरकली, १९३७ ला डबलडेकर आली, १९४० ला कुलाबा ते माहीम पहिली लिमिटेड, म्हणजे मोजक्याच स्टॉपवर थांबणारी, आणि ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ट्राम आणि बस चालवणारी कंपनी महापालिकेच्या ताब्यात आली, तीच आपली बेस्ट. मधे विजेच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबस पण करून बघितली, १९६२ ला सुरू, १९७१ ला बंद, जमलं नाही.

खरा बदल झाला तो ३१ मार्च १९६४ ला. त्या रात्री बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम गेली आणि दीड आण्याची सवय असलेले ते सगळे लोक बसच्या रांगेत येऊन उभे राहिले. माझं स्पष्ट मत आहे की मुंबईची बस जन्मली १९२६ ला, पण ती मुंबईकरांची झाली या रात्रीनंतर. मग ती कंडक्टरची पत्र्याची तिकिटाची पेटी, पंचची टिकटिक, "चला पुढे चला, पुढे जागा आहे" (नसायची), एक घंटी थांबा, दोन घंट्या निघा, समोरच्या पाटीवर मराठी आकडे, हे सगळं घराघरात पोचलं. सगळ्या शहराला मराठी आकडे या पाट्यांनी शिकवले असं म्हटलं तरी चालेल, शाळेत न गेलेला माणूस पण बरोब्बर आपली बस पकडायचा.

आणि बघा, प्रत्येक वेळी गोष्ट तीच होते. घोड्यांची ट्राम महाग होती, मग स्वस्त झाली. बस साहेबी होती, मग सगळ्यांची झाली. एसी बसचं पण तेच. त्या जांभळ्या एसी गाड्या आठवतात ना, भाडं ऐकूनच लोक साध्या बसकडे वळायचे, शेवटी २०१७ ला बंद पडल्या. दोनच वर्षांनी, २०१९ ला, एसीचं किमान भाडं सहा रुपये केलं आणि तीच एसी गच्च भरायला लागली. २०२५ ला ते बारा रुपये झालं, साधीचं दहा. म्हणजे एसीत बसायला फक्त दोन रुपये जास्त, प्रश्न आता भाड्याचा राहिलाच नाहीये, प्रश्न आहे गाडी येते कधी याचा. एकेकाळी चार हजारांवर असलेला ताफा तीन हजारांच्या खाली आला, रूट पाटीवर असतो, स्टॉपवर माणसं असतात, आणि मधलीच गोष्ट गायब. चोवीस गाड्यांनी सहा लाख लोक नेणाऱ्या शहरात हे बरं नाही दिसत.

ज्यांना हे जुनं सगळं डोळ्यांनी बघायचंय त्यांच्यासाठी आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे, जुनी तिकिटं आणि ट्रामची मॉडेल्स बघायला मिळतात. जायच्या आधी वेळ तेवढी विचारून घ्या, आणि बसनेच जा.